एकशे बारावं पान

हळदीचा डाग साबणानं जात नाही, हे कुठलीही बाई सांगेल. तो उन्हानं जातो, हे मात्र हळदीत आयुष्य काढलेल्या माणसालाच नीट ठाऊक असतं. पिवळं झालेलं लुगडं चार दिवस कडक उन्हात टाकलं की डाग आपोआप विरतो. तेच लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं तर चाळीस वर्षांनीही डाग जिथल्या तिथं सापडेल. परवा माझ्या हातात आलेलं पुस्तक असंच पेटीत राहिलेलं होतं. त्याच्या पानांच्या कोपऱ्यांवर दोन माणसांच्या अंगठ्यांचे पिवळे ठसे आहेत. त्यातला एक माझा. तो ओळखायला कष्ट पडत नाहीत, कारण लहानपणी विळ्यानं माझा उजवा अंगठा चिरला होता आणि त्या व्रणाची आडवी पांढरी रेघ प्रत्येक ठशातून गेली आहे. माझे ठसे एकशे बाराव्या पानापर्यंत आहेत. तिथून पुढं फक्त माझ्या वैनीचे.

पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते, कारण त्यातही माझी जीभच आडवी आली. आमच्या गावच्या शाळेनं मला नारळ-शाल द्यायला बोलावलं होतं. गावची लेक, रिसोडला स्वतःचं हळदीचं दुकान टाकलं, व्यापाऱ्यांच्या पंगतीत बसून त्यांना पाणी पाजलं, वगैरे. मला बोलायला सांगितलं आणि मी बोलले. म्हटलं, मले कोनं शिकू देलं नाही. माह्या घरच्यांनीच देलेला शब्द मोडला. जे केलं ते माह्या एकटीच्या जिवावर केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बायकांमध्ये डोक्यावर पदर घेऊन वैनी बसली होती. तिनंही वाजवल्या. आठ दिवसांनी तिचा मुलगा दुकानावर आला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "आत्या, आईनं धाडलं. म्हने, उरलेलं वाचून घे." मी तेव्हा एका माणसाशी मालाच्या भावावरून हमरीतुमरीवर आले होते. फडकं सोडून पाहिलं, पुस्तक ओळखलं आणि टाळकंच फिरलं. टोमणा मारते काय, म्हटलं. वजनकाट्याच्या मागं भिरकावून दिलं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी झाडताना ते पुन्हा हाताला लागलं, तेव्हा उघडलं.

आमचं घर मोठं नव्हतं. तीन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं प्रशस्त अंगण, आणि अंगणापेक्षा मोठी खळ्याची जागा. माघ सरला की त्या खळ्यात हळद शिजायची. लोखंडी कढई, तिच्यावर हळदीच्याच पाल्याचं झाकण, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ. त्या वाफेचा वास गोड नसतो, कडूही नसतो, मातीतून काहीतरी उकरून काढल्यासारखा असतो, आणि तो भाकरीत, केसांत, गोधडीत, सगळीकडे जाऊन बसतो. शिजलेली हळद खळ्यात पंधरा-वीस दिवस वाळत पडायची. तिला पालटत राहायचं आणि शेळ्या हाकलायच्या, हे बायकांचं काम. विहिरीवरचं ऑईल इंजिन दिवसभर टुकटुकत असे, ते बंद पडलं की कानात दडे बसल्यासारखं वाटे. या महिन्यांत आमच्या घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. बाबांचे, दादाचे, मायचे, माझे. लग्नाला गेलो तर लोक हात पाहूनच ओळखत.

घर चालवायची माय. बाबा शेत पाहायचे आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीला "तुह्या मायले विचार" एवढंच उत्तर द्यायचे. माय काही वाईट बाई नव्हती. आजारी माणसाला तिच्याइतकं कोणी करत नसे. पण घरात काय चाललंय ते आपल्याला कळलंच पाहिजे, ही तिची भूक होती, आणि ती भूक भागवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली की मी शेजारी पाट घेऊन बसायचे. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "हं, बोल." मग मी बोलायचे. दुपारी कोण आलं होतं, शेजारच्या काकूनं काय मागितलं, दादा कुणाशी बोलत उभा होता. माय ऐकत ऐकत थापत राहायची. थप थप थप. बातमी फालतू असली तर थापणं चालूच राही. कामाची असली तर हात थांबे. एक क्षण, दोन क्षण. जितका वेळ हात थांबला तितकी बातमी मोलाची. मी भाव करायला कुठल्या अडत्याकडे शिकले नाही, त्या चुलीपुढं शिकले. आजही समोरचं गिऱ्हाईक तोंडानं काहीही बोलो, मी त्याचा हात पाहते. माल चाळता चाळता हात कुठं थबकला, ते एकदा दिसलं की पुढचं सगळं सोपं असतं.

मग दादाचं लग्न झालं आणि वैनी आली. किन्हीराजा गावची. सुलोचना नाव, पण आमच्याकडे तिला नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. बारावी झालेली होती, आणि ही गोष्ट आमच्या घरात काहीशी लपवून ठेवावी अशीच धरली जायची, कारण दादा नववीत नापास होऊन घरी बसला होता. उंच, सावळी, हळू बोलणारी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तिला अजिबात जमत नसे, कडेला फाटायची, आणि माय ती फाटकी भाकर मुद्दाम वर ठेवायची. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मायनं मला सांगितलं, "वैनीवर ध्यान ठेवजो. नवी हाये. तिले काही लागलं-सवरलं तर आपल्याले कळलं पायजे." हे वरवर प्रेमानंच सांगितल्यासारखं होतं. अर्थ दोघींना कळत होता. तेव्हापासून संध्याकाळच्या माझ्या बोलण्यात वैनीशिवाय दुसरं काही उरलं नाही.

माझी दहावीची परीक्षा झाली आणि मी आणि वैनी दोघी दिवसभर खळ्यात. कडुनिंबाच्या सावलीत पोतं टाकून बसायचं, हातात काठी, समोर हळद. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं पदराखालून एक पुस्तक काढलं. वरचं पुठ्ठ्याचं पान नाही, आतली पहिली तीन-चार पानं नाहीत, त्यामुळं नाव काय, लिहिलं कोणी, हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या भावाला कुठंतरी रद्दीत मिळालं होतं. मी म्हटलं, "कशाची गोष्ट हाये?" ती म्हणाली, "एका वाईट शहराची." आणि वाचायला लागली.

त्या शहरात प्रत्येक घरातून एकाला साक्षीदार नेमलेलं असे. दिवे लागले की सगळे साक्षीदार चौकातल्या एका खिडकीपुढं रांग लावत आणि आपल्या घरात दिवसभर कोण काय बोललं ते आतल्या माणसाला सांगत. आतल्या माणसाचं तोंड कधी दिसत नसे. जे घर नको ते बोलत असे, ते दुसऱ्या दिवशी रिकामं असे. दिगंबर नावाच्या पोराला त्याच्या घराचा साक्षीदार केलं होतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण. ही बहीण स्वयंपाकघरात दार लावून गल्लीतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायची, आणि तिथं ते करायला बंदी होती. पहिल्या दिवशी खिडकीपुढं दिगंबरची जीभ टाळूला चिकटते. तो शेजाऱ्यांचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. पण हळूहळू त्याला ते जमू लागतं. त्याला लोकरीचा कोट मिळतो. रांगेत पुढची जागा मिळते. त्याच्या लक्षात येतं की सगळं एकदम सांगायचं नसतं, अर्धं आज, अर्धं उद्या, म्हणजे खिडकीतला माणूस आपली वाट पाहतो.

वैनी हे वाचताना मध्येच थांबायची. "कसा झाला पाय हा पोट्टा," म्हणायची, आणि तिचा चेहरा उतरायचा. मला मात्र दिगंबर आवडायला लागला होता. खरंच सांगते. भित्रा होता, आता हुशार झाला, असं मला वाटत होतं. माणूस बदलतो म्हणजे वर चढतो, एवढीच माझी समज. वैनी बेतानं, दिवसाला सहा-सात पानंच वाचायची, शेळी आली की पुस्तक पोत्याखाली. आम्ही शहाण्णवाव्या पानावर होतो. मला धीर निघेना. एका दुपारी ती न्हाणीत गेलेली पाहून मी तिची पेटी उघडली, पुस्तक काढलं आणि दाराआड बसून पुढं वाचत सुटले.

एकशे बाराव्या पानावर दिगंबर खिडकीपुढं उभा आहे आणि पहिल्यांदाच तोंड मिटून आहे. आतला माणूस म्हणतो, बोल. दिगंबर म्हणतो, आज मोठी गोष्ट आहे, आधी मला काय देणार ते कबूल करा. तिथं पानांमध्ये एक घडी घातलेला कागद होता. मी तो उघडला. अकोल्याचं बोलावणं होतं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. वैनीनं नर्सबाईच्या शिक्षणाचा अर्ज माहेरच्या पत्त्यावरून भरला होता, आणि तिला मुलाखतीला बोलावलं होतं. तारीख आठ दिवसांवर. त्याच तारखेच्या आदल्या दिवशी, लहान बहिणीला पाहायला पाहुणे येणार म्हणून वैनी किन्हीराजाला जाणार होती. मायनं परवानगी दिलेली होती. मला सगळं एका क्षणात उमगलं. कागद होता तसा घडी करून, होता तिथं ठेवून, पुस्तक पेटीत टाकलं. पुढचं पान काही मी वाचलं नाही.

त्या संध्याकाळी मी पाटावर बसले. माय थापत होती. "हं, बोल." मी गप्प. थप थप थप. "बोल नं वं, तोंड काहून शिवलं?" मी म्हटलं, "माय, आज लय मोठी गोष्ट हाये. पन आधी कबूल कर."

"काय कबूल करू?"

"मले अकरावीले रिसोडले पाठवजो. मावशीकडे ठेवजो."

तिचा हात थांबला. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार. इतका वेळ तो कधीच थांबला नव्हता. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. "पाठवीन," ती म्हणाली. "चुलीची आन घेऊन सांगते. बोल."

मी बोलले.

मायनं आकांडतांडव केलं नाही. ती त्यातली नव्हती. चार दिवसांनी सकाळी ती उठलीच नाही, कंबर धरली म्हणाली. घरात सासू पडलेली, खळ्यात हळद पडलेली, सुनेनं माहेरी कसं जायचं? दादा म्हणाला, "पाहुने काय, परत येतीन." वैनीनं एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मुलाखतीच्या दिवशी ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत खळ्यात हळद पालटत होती, भर उन्हात, डोक्यावर पदरसुद्धा नाही. मी दोनदा पाणी नेलं. दोन्हीदा प्याली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "वैनी, पुस्तक वाचू नं." ती म्हणाली, "माहे डोळे दुखतेत." आठवड्यानं परत विचारलं, तर म्हणाली, पुस्तक हारपलं. मला वाटलं चुलीत घातलं असेल. मायची कंबर तोवर बरी झाली होती.

निकाल लागला. मी पास झाले, गावातल्या पोरींत पहिली. पेढे वाटले. मी माझे दोन झंपर आणि वह्या पिशवीत भरून ठेवल्या. मायनं ती पिशवी पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "अवं, एकीले घरी बसवलं न् दुसरीले बाहेर पाठवलं, तर लोकं काय म्हनतीन? तुही वैनी काय म्हनीन?" मी म्हटलं, तू आन घेतली होती. ती म्हणाली, "घेतली असंन." एवढंच. मी हातातला पितळी तांब्या भिंतीवर फेकून मारला. त्याचा खड्डा भिंतीत कितीतरी वर्षं होता, सारवताना बोट त्यात जायचं. वैनी दारात उभी होती. तिनं वाकून तांब्या उचलला, आपटल्यानं चेपलेल्या बाजूवरून हात फिरवला आणि पाण्याच्या रांजणावर ठेवून दिला.

त्या दिवसापासून मी मायच्या हातची भाकर चुलीजवळ बसून खाल्ली नाही. ती जाईपर्यंत नाही. लग्न होऊन रिसोडला आल्यावरही माहेरी गेले की ताट घेऊन अंगणात बसायचे. लोकांना वाटायचं, हवेला बसली. राग वैनीवरही होता, आणि तो कसा होता ते आज लिहायलाही लाज वाटते. तिच्या त्या कागदापायी माझं शिक्षण गेलं, असा हिशेब मी मांडला होता. दुसऱ्याच्या खोट्या मापावर गावभर बोंबलणारी बाई मी, पण स्वतःचं माप कधी तपासून पाहिलं नाही.

आता पुढचा भाग, जो मी आजवर सगळ्यांना अर्धाच सांगितला आहे. मला शिकायला मिळालं नाही म्हणून मी धंदा सुरू केला, हे खरं. गावातल्या बायकांकडे हळकुंडांचा मोडका चुरा पडलेला असायचा, घरी कुटून वापरायला ठेवलेला. बाप्यांचं त्याकडे लक्ष नसे. मी तो चुरा बांगड्या, कंगवे, चहाची गाळणी यांच्या बदल्यात घ्यायला लागले. कुणाला काय हवंय आणि ती त्यासाठी किती सोडेल, ते हातावरून ओळखायचं. चुरा पोत्यात भरून कडब्याच्या गंजीत दडवायचा आणि बाजाराच्या दिवशी झंपर शिवायला टाकायचं निमित्त करून जीपमधून रिसोडला न्यायचा. तो शिंपीच पुढं माझा नवरा झाला, देव त्याचं भलं करो, त्याला आयुष्यात कधी घासाघीस जमली नाही. घरी कळलं असतं तर माझं लग्न महिन्याभरात कुठंतरी मानोऱ्याकडे लावून दिलं असतं. वयात आलेली पोरगी एकटी जीपमध्ये बसून बाजारात जाते, व्यापाऱ्याशी तोंड लावते, हे त्या घरात एक दिवस चाललं नसतं. ते तीन वर्षं चाललं.

त्या तीन वर्षांत चुलीजवळच्या पाटावर मी नव्हते, वैनी होती. मी बसायचं सोडल्यावर मायनं तिला बसवलं. मी न्हाणीच्या भिंतीआडून ऐकलं होतं. "आता कमीवर ध्यान ठेव. लय उंडारून राह्यली." कमी म्हणजे मी. वैनी म्हणाली, "हाव." आदल्याच दिवशी मी गंजीत पोतं खुपसत असताना ती कडबा न्यायला आली होती. मला वाटलं, झालं. तिनं आता माझ्याच मापानं मोजून द्यायचं होतं. संध्याकाळी मी भिंतीला कान लावून उभी राहिले.

"हं, बोल," माय म्हणाली.

"कमीनं आज शेळीले दोन खेपा हाकललं," वैनी म्हणाली. "एक खेप पांढऱ्या शेळीले, एक खेप तिच्या पिलाले. पिलू मांगच्या पायानं लंगडते. मंग तिनं पानी पेलं. रांजनात निंबाचा पाला पडेल होता, तो तिनं बोटानं काढला. मंग म्हने वरनात मीठ कमी हाये. मी म्हनलं, मले तर बराबर वाटलं. मंग तिनं अजून घेतलं. मीठ नाही, वरन."

थप थप थप. माय ऐकत होती. दुसऱ्या दिवशीही असंच. कावळे किती आले, कोणत्या फांदीवर बसले, माझ्या वेणीची रिबीन कोणत्या बाजूनं सुटली, ती मी दातात धरून कशी बांधली. अर्धा अर्धा तास, एकसुरी, हळू आवाजात. माय सुरुवातीला मध्ये मध्ये विचारायची, "बाहेर कोठं गेल्ती?" मग वैनी सांगायची, "हाव, गेल्ती," आणि ओढ्यावरच्या म्हशींची अशी काही लांबण लावायची की माय कपाळावर हात मारून म्हणायची, "बस कर वं बाई, डोकं खाऊन राह्यली!" वर्ष-दीड वर्षात मायनं विचारणंच सोडलं. शेजारणींना सांगायची, सून शिकेल हाये पन येडपट निघाली, दोन गोष्टी सरळ सांगता येत नाहीत तिले. बायका हसायच्या. मीही हसले आहे. मला वाटलं, घरात कोंडून बाईचं डोकं खरंच मंद झालं. कधी वाटायचं, मला खिजवण्यासाठी करते. तीन वर्षांत भाकरी थापणारा तो हात एकदाही थांबला नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. कान माझे, आणि त्याचा अर्थ लागायला मला साठी ओलांडावी लागली.

कारण त्या सुट्टीच्या दुपारी मी दुकानाची फळी अर्धी लावून एकशे तेराव्या पानापासून वाचायला बसले. खिडकीतला माणूस दिगंबरला हवं ते कबूल करतो. दिगंबर गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं नाव सांगतो, जो आपल्या नातवाला दिगंबरच्याच बहिणीकडे शिकायला पाठवत असे; शिकवतं कोण, ते मात्र गाळतो. दुसऱ्या दिवशी ते घर रिकामं असतं. नातवाची पाटी ओट्यावर तशीच पडलेली असते, तिच्यावर अर्धं काढलेलं अक्षर. पुढची दहा पानं दिगंबर काही करत नाही, फक्त ती पाटी कुठं ठेवावी हे त्याला सुचत नाही. आणि मग एका संध्याकाळी तो खिडकीपुढं उभा राहून सांगू लागतो, आज आमच्या वरणात मीठ कमी होतं. कौलावर चार चिमण्या होत्या, मग तीन. ताई डाव्या हातानं पाणी प्याली. आतला माणूस आधी धमकावतो. मग जांभया देतो. मग त्याची पाळी आली की खिडकी लावून घेतो. कोट काढून घेतात. रांगेतले लोक त्याला वेडा म्हणतात, पोरं मागं लागतात. तो वर्षानुवर्षं चिमण्या मोजत राहतो, आणि आत स्वयंपाकघरात बहीण दार लावून मुलांना शिकवत राहते. शेवटी ते राज्यही जातं, खिडकी विटांनी बुजवली जाते. दिगंबर त्या विटांपुढंच उभा राहून वरणाचं सांगत असतो, आणि बहीण येऊन त्याला हाताला धरून घरी नेते. भावाला वेड का लागलं, ते तिला शेवटपर्यंत कळत नाही.

शेवटच्या पानावर वैनीचा ठसा दोनदा होता. एक गडद, एक फिका. दोन हंगामांतले असावेत. मला हळदीचं कळतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप धरून गावी गेले. दादा जाऊन चार वर्षं झाली. वैनी ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत आले होते, आणि मी अशी बाई की भाव ठरवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पण बसल्या बसल्या मी सुपातली तूर चिमटीत घेऊन पाहायला लागले.

"वाचलं?" तिनं विचारलं.

"वाचलं."

"कसा वाटला शेवट?"

"वैनी," मी म्हटलं, "तुह्या अकोल्याचं मायले मी सांगतलं होतं."

ती सूप हलवत राहिली. "ठाऊक हाये. पत्रावर तुहा अंगठा होता. आडवी रेघ."

"कधीपासून ठाऊक हाये?"

"ज्या दिवशी तुह्या मायची कंबर धरली त्या दिवसापासून."

मी म्हटलं, "मंग तू माहं काहून नाही सांगतलं? तुले पोतं दिसलं होतं. गंजीत." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "दिसलं काय, त्याचं तोंड उघडं होतं. मीच तर वरून पेंढी लोटली." मग सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाली, "अन् सांगून मले काय भेटलं असतं वं? अकरावी?"

हे बोलून ती हसली. मनापासून हसली, दात नसलेलं तोंड पदरानं झाकून. मला हसता आलं नाही. तिला त्या सौद्याचंही ठाऊक होतं. मी घाईघाईनं बोलू लागले, तुझ्या नातीच्या शिक्षणाचं मी पाहते, नर्सिंगला घालू, फी माझ्याकडे, हॉस्टेल माझ्याकडे. तिनं हातानं थांबवलं. "तुही खोड काही जात नाही, कमे. तिचं ती पाहीन. तिले ट्रॅक्टरच्या शोरूममधी काम लागलं." आणि थोड्या वेळानं, सूप खाली ठेवून, "तुह्या दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा मी गेल्ती अकोल्याले. तीन दिवस होतो. तिथल्या नर्सबाया लय भराभरा चालतेत. मी एकीच्या मांगं मांगं चालून पाह्यलं. दम लागला मले."

मला वाटलं ती रडेल, किंवा मी तरी रडेन. तसं काही झालं नाही. माझी तक्रार माझ्याजवळच आहे, इतक्या वर्षांची सवय, ती कुठं जाणार. पण आता ती कुणाच्या दारात नेऊन टाकावी ते कळत नाही. शाळेच्या त्या माईकवर मी जे बोलले ते परत घेता येत नाही, आणि ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या त्यांना बोलावून कोण सांगणार की या बाईच्या तीन वर्षांवर दुसरीनं पेंढी लोटली होती. म्हणून इथं लिहिते आहे.

वैनीनं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. सकाळी पांढरी मांजर आली होती, तिच्या शेपटीला काळा ठिपका हाये. मंग दूधवाला आला. दूध पातळ होतं, पन काल होतं तेवढं पातळ नव्हतं. आयुष्यभर माझ्यापुढं कोणी असं बोलू लागलं की मी तोडून टाकत आले, मुद्द्याचं बोला म्हणून. नाक्यावर रिसोडच्या शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर मला ओळखतो, त्यानं परत एकदा वाजवला. मी उठले नाही. वैनी कौलावर बसलेल्या पाखरांपर्यंत आली होती, आणि ती नेमकी किती होती ते मला ऐकायचं होतं.